थर दूर गेले, चुंबकत्व जागेवर राहिलं

अणुभट्टीत वापरून झालेलं इंधन आम्लात विरघळवायचं, त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढायचं आणि मागे उरलेल्या द्रावणाचं काय करायचं या विवंचनेत पडायचं, अशी 1950च्या दशकातल्या अणुउद्योगाची स्थिती होती. त्या द्रावणात सीझियम, स्ट्रॉन्शियम अशी किरणोत्सारी मूलद्रव्यं असत. पाण्यातले नको ते आयन पकडायला तोवर सेंद्रिय रेझिन वापरत. पाणी मृदू करणाऱ्या यंत्रांत आजही तीच असतात. पण उष्णता आणि किरणोत्सर्ग यांच्या माऱ्यात त्यांच्या कार्बनी साखळ्या तुटत आणि रेझिन निकामी होई. टिकेल असा अकार्बनी पदार्थ हवा होता. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेत कुर्ट क्राउस आणि त्यांचे सहकारी, तर इंग्लंडमध्ये हारवेलला ॲम्फलेट, असे दोन गट त्या दशकाच्या मध्याला जवळपास एकाच पदार्थापाशी पोचले. तो होता झिर्कोनियमचा फॉस्फेट.

पदार्थ कामाचा होता, पण बेभरवशाचा. झिर्कोनियमच्या क्षाराच्या द्रावणात फॉस्फोरिक आम्ल ओतलं की पांढरा, चिकट साका खाली बसे. त्यात अणूंची काही ठरावीक मांडणी नसे. आज बनवलेला साका आणि पुढच्या आठवड्यात बनवलेला साका यांचे गुणधर्म जुळत नसत आणि रचनाच माहीत नसल्यामुळे असं का होतं हेही कोणी सांगू शकत नव्हतं.

ही कोंडी न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्स गावी फुटली. तिथे अब्राहम क्लियरफिल्ड हे रसायनशास्त्रज्ञ झिर्कोनियमच्या संयुगांवर काम करत होते. जेम्स स्टाइन्स यांच्यासह त्यांनी एक साधी गोष्ट केली. तो चिकट साका त्यांनी तीव्र फॉस्फोरिक आम्लात घालून दीर्घकाळ उकळत ठेवला, वाफ थंड होऊन पुन्हा भांड्यातच पडेल अशा बेताने. उकळत्या आम्लात साक्याचे कण थोडे विरघळत, पुन्हा जमत आणि दर फेरीत अणू आपापल्या जागी बसत. शेवटी हाती आले बारीक स्फटिक. 1964 मध्ये दोघांनी ही कृती प्रसिद्ध केली. क्ष-किरणांनी स्फटिकाची संपूर्ण रचना उलगडायला आणखी पाच वर्षं लागली. क्लियरफिल्ड आणि स्मिथ यांचा तो लेख 1969चा.

त्या रचनेवर थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या चाळीस वर्षांचा इतिहास तिच्यातून निघाला आहे. झिर्कोनियमचे अणू जवळजवळ एका पातळीत पसरलेले असतात. त्या पातळीच्या वर आणि खाली फॉस्फेटचे गट बसतात. फॉस्फेटमध्ये फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन असतात. त्यांतले तीन शेजारच्या तीन झिर्कोनियमना धरतात आणि चौथा, हायड्रोजन घेतलेला, थराच्या बाहेर मोकळ्या जागेत डोकावतो. असा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. एका थराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर 7.6 अँगस्ट्रॉम. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. बाहेर डोकावणारे हायड्रोजन सुटतात आणि त्यांच्या जागी द्रावणातले इतर आयन येऊन बसतात, हा त्या पदार्थाच्या उपयुक्ततेचा उलगडा होता.

अणुकचऱ्यासाठी शोधलेला हा पदार्थ 1970च्या दशकात रुग्णालयांतही पोचला. मूत्रपिंडं निकामी झालेल्या रुग्णांसाठी कमी पाण्यावर चालणारी डायलिसिसची यंत्रं निघाली. त्यांत युरियापासून तयार होणारा अमोनियम आयन पकडण्याचं काम झिर्कोनियम फॉस्फेट करत असे. इथे मात्र साकाच वापरत, स्फटिक नव्हे.

स्फटिकाची पुढची वाट इटलीत सापडली. जुलिओ अल्बेर्ती हे रोममध्ये आणि नंतर पेरूजा विद्यापीठात अशाच आयन-विनिमय करणाऱ्या पदार्थांवर काम करत होते. थराबाहेर डोकावणारा जो ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट, त्याच्या जागी थेट कार्बनचा गट बसवता आला तर? जपानमध्ये शोजी यामानाका यांनी 1976 मध्ये तयार थरांवर इथिलीन ऑक्साइडची क्रिया करून सेंद्रिय गट जोडले होते. अल्बेर्तींनी वेगळा मार्ग घेतला. फॉस्फोरिक आम्लाऐवजी त्यांनी सुरुवातीलाच फॉस्फोनिक आम्ल वापरलं. या आम्लांत फॉस्फरसला एक कार्बन थेट जोडलेला असतो आणि तो बंध सहजी तुटत नाही. असा बंध घडवायची रीत जर्मनीतल्या आउगुस्ट मिखाएलिस आणि रशियातल्या अलेक्सांदर आर्बूझोव्ह यांच्या कामामुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच हाती आली होती, त्यामुळे हव्या त्या गटाचं फॉस्फोनिक आम्ल बनवणं अवघड नव्हतं.

1978 मध्ये अल्बेर्ती, कोस्तान्तिनो आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की झिर्कोनियमचे थर तसेच राहतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना सेंद्रिय गट उभे राहतात. बेंझीनचं कडं जोडलेलं फिनाइल फॉस्फोनेट घेतलं की थरांमधलं अंतर सुमारे 15 अँगस्ट्रॉम होतं, म्हणजे जवळपास दुप्पट. त्याहून लांब गट घ्या, अंतर आणखी वाढेल. खनिज आणि सेंद्रिय पदार्थ यांच्यामध्ये रसायनशास्त्राने आखलेली सीमा या एका स्फटिकात थरागणिक ओलांडली जात होती. मला हा या सगळ्या कहाणीतला सर्वात मोठा क्षण वाटतो. आतली चौकट आणि बाहेरचा गट यांची निवड आता स्वतंत्रपणे करता येत होती.

अल्बेर्तींनी मांडलेली रचना तेव्हा अनुमानच होती. झिर्कोनियमची फॉस्फोनेटं इतकी अविद्राव्य असतात की ती द्रावणात येताच खाली बसतात आणि मोठा स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही. हाती येते ती पूड. पुडीवर क्ष-किरण टाकले तर सगळ्या दिशांची माहिती एकमेकींत मिसळून येते. ती सुटी करण्याची गणिती पद्धत नेदरलँड्सचे ह्यूगो रिटफेल्ट यांनी 1969 मध्ये दिली होती, पण तिला आधी रचनेचा बऱ्यापैकी अंदाज पुरवावा लागतो. झिर्कोनियम फिनाइल फॉस्फोनेटची रचना दामोदर पुजारी, क्लियरफिल्ड आणि सहकाऱ्यांनी पुडीच्याच मोजमापांवरून 1993 मध्ये निश्चित केली. क्लियरफिल्ड तोवर टेक्सासला गेले होते. पंधरा वर्षांपूर्वीचं इटालियन अनुमान मुळात बरोबर निघालं.

या पंधरा वर्षांत थांबलं कोणी नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सिडेंटल कंपनीच्या संशोधन केंद्रात डाइन्स यांनी दोन्ही टोकांना फॉस्फोनेट असलेले रेणू वापरून शेजारच्या थरांना खांबांनी जोडलं. एक्सॉनच्या प्रयोगशाळेत जॉन्सन आणि जेकबसन यांनी 1984 मध्ये व्हॅनेडियमचे थर रचले. तेल कंपन्यांना उत्प्रेरक हवे होते आणि नेमक्या मापाचे रेणू आत घेणारी पोकळी म्हणजे उत्प्रेरकाची अर्धी तयारी. चुंबकत्वाकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि झिर्कोनियमपुरतं ते असण्याचं कारणही नव्हतं. या संयुगांतल्या झिर्कोनियमकडे जोडीविना उरलेला एकही इलेक्ट्रॉन नसतो. चुंबकत्व येतं ते अशा एकट्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमधून, म्हणजे प्रत्येकाच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकातून.

ज्यांच्याकडे असे एकटे इलेक्ट्रॉन असतात, अशा मँगॅनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं या धातूंची फॉस्फोनेटं आयर्लंडमध्ये गॉलवे इथे कनिंगहॅम, हेनेली आणि डीनी यांनी 1979 मध्येच बनवली होती. ती थरांचीच असावीत हेही त्यांनी ओळखलं होतं. पण अणूंची नेमकी मांडणी समोर नव्हती आणि ती नसताना चुंबकीय मापनांचा अर्थ लावणं अंधारात चाचपडण्यासारखं होतं.

ती मांडणी टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन इथल्या विभागातून आली. टॉमस मॅलूक यांच्या गटात गुआंग काओ यांनी द्विसंयुजी धातूंच्या फॉस्फोनेटांची एक संपूर्ण मालिका तयार केली आणि 1988 मध्ये तिची रचना प्रसिद्ध झाली. कृती काचेच्या चंचुपात्रात होण्यासारखी: धातूचा क्षार आणि फॉस्फोनिक आम्ल पाण्यात घ्यायचं, द्रावणाची आम्लता बेताने कमी करायची आणि ऊब द्यायची. झिर्कोनियमपेक्षा या धातूंची पकड सैल असल्यामुळे काही संयुगांचे क्ष-किरणांना पुरतील एवढे स्फटिकही मिळाले.

मँगॅनीज फिनाइल फॉस्फोनेटमध्ये प्रत्येक मँगॅनीजभोवती सहा ऑक्सिजन असतात. पाच फॉस्फोनेटांचे, सहावा पाण्याच्या रेणूचा. फॉस्फोनेटच्या तीन ऑक्सिजनपैकी दोन असे आहेत की प्रत्येक जण एकाच वेळी दोन मँगॅनीजना धरतो. त्यामुळे मँगॅनीज, ऑक्सिजन, मँगॅनीज असे छोटे पूल तयार होतात. थरात मँगॅनीजची जवळपास चौकोनी जाळी दिसते, सपाट नव्हे तर थोडी चुरगळलेली. एका थरातल्या मँगॅनीजना असे जवळचे पूल जोडतात, पण वरच्या थरातला मँगॅनीज मात्र बेंझीनच्या कड्यांच्या दोन रांगांपलीकडे, सुमारे 14 अँगस्ट्रॉमवर असतो आणि मध्ये एकही रासायनिक पूल नसतो. त्या सहाव्या जागेवरचं पाणी तापवून हाकलता येतं. मॅलूक यांच्या गटाने पुढे जस्त आणि कोबाल्टच्या संयुगांत त्या रिकाम्या जागी अमाइनचे रेणू बसवून दाखवले आणि त्यांत आकारानुसार निवड होते हेही दाखवलं. 1988 साली त्यांचा रोख या रासायनिक बाजूवर होता. चौकोनी जाळी, जाळीच्या आत घट्ट जोड आणि जाळ्यांमध्ये पोकळी, असं जे चित्र त्यांनी छापलं, ते मात्र भौतिकशास्त्राच्या एका जुन्या प्रश्नाला नेमकं लागू पडत होतं.

तो प्रश्न असा. चुंबकीय अणूंचा एकच पातळ थर असेल, तर त्यातले सगळे स्पिन एका शिस्तीत येऊ शकतात का? अर्न्स्ट इसिंग यांनी 1925 मध्ये एका रेषेत मांडलेल्या स्पिनचं गणित केलं होतं आणि तिथे शिस्त येत नाही असं दिसलं. लार्स ऑनसागर यांनी 1944 मध्ये तेच गणित पातळीवर सोडवलं. स्पिनना फक्त वर किंवा खाली पाहायची मुभा असेल तर ठरावीक तापमानाखाली शिस्त येते, हे त्यांनी सिद्ध केलं. 1966 मध्ये डेव्हिड मर्मिन आणि हर्बर्ट वाग्नर यांनी दुसरी बाजू मांडली. स्पिनना कोणत्याही दिशेला वळायची पूर्ण मोकळीक असेल, तर पातळीत शिस्त टिकूच शकत नाही, मग तापमान निरपेक्ष शून्याच्या कितीही जवळ असो. एकेक स्पिन शेजाऱ्यापेक्षा किंचित कलला तरी हा कल लांबवर साठत जातो आणि शिस्त मोडते.

खरे पदार्थ या दोन टोकांच्या मध्ये असतात. मँगॅनीजचा स्पिन जवळजवळ मोकळा असतो, पूर्ण नाही. स्फटिक त्याला एखादी दिशा किंचित अधिक पसंत करायला लावतो. शिवाय वरचा-खालचा थर कितीही दूर असला तरी त्याचा थोडा प्रभाव असतोच. थरांच्या पदार्थात शिस्त दिसली, तर तिचं श्रेय कोणाला द्यायचं, थरातल्या त्या किंचित पसंतीला की शेजारच्या थराला? हे ठरवायचं तर बाकी काही न बदलता थर एकमेकांपासून दूर नेता यायला हवेत.

असे प्रयत्न आधी झाले होते. तांब्याच्या आणि मँगॅनीजच्या क्लोराइडांचे थर लांब साखळ्यांच्या अमोनियम आयनांनी दूर ठेवलेले क्षार डच भौतिकशास्त्रज्ञांनी बारकाईने मोजले. द योंग आणि मीडेमा यांचा 1974चा प्रदीर्घ आढावा त्या क्षेत्रातल्या अनेकांनी पुढे कितीतरी वर्षं जवळ बाळगला. ऑक्सफर्डला पीटर डे आणि रोमहून आलेले कार्लो बेल्लित्तो यांनी क्रोमियमचे तसे क्षार बनवले. ते लोहचुंबक होते, म्हणजे त्यांतले स्पिन एकाच दिशेला वळत, आणि ते प्रकाश आरपार जाऊ देत. पण या क्लोराइडांत सेंद्रिय भाग फक्त विद्युतभाराच्या ओढीने आणि हायड्रोजन बंधांनी धरलेला असतो आणि पाणी लागलं की सगळं विरघळतं. आयबीएममध्ये मेल्विन पोमरँट्झ यांनी 1978 मध्ये पाण्यावर पसरलेल्या स्टिअरिक आम्लाच्या पापुद्र्यात मँगॅनीज अडकवून अक्षरशः एका थराचा चुंबक गाठायचा प्रयत्न केला. धाडसी प्रयोग होता तो. अडचण इतकीच की त्या पापुद्र्यातल्या मँगॅनीजची मांडणी कशी आहे हे पडताळायला तसा ठोक स्फटिक उपलब्ध नव्हता.

पीटर डे 1991 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे संचालक झाले. मायकेल फॅरेडेने जिथे चुंबक आणि प्रकाश यांचं नातं शोधलं तीच ही संस्था. डे यांच्या मागे थरांच्या चुंबकांचा वीस वर्षांचा अनुभव होता आणि समोर ऑस्टिनची छापील रचना होती. कार्लिंग, डे, फिसर आणि क्रेमर यांनी मँगॅनीजची अल्किल फॉस्फोनेटं घेतली, म्हणजे बेंझीनच्या कड्याऐवजी कार्बनची सरळ साखळी. साखळी लहानमोठी करून थरांमधलं अंतर बदललं आणि प्रत्येक नमुना थंड करत त्याचं चुंबकत्व मोजलं. 1993 मध्ये निष्कर्ष आले.

तापमान खाली येताना आधी आलेखावर एक रुंद उंचवटा दिसतो. थराच्या आत शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट दिशेला वळू लागल्याची ती खूण, म्हणजे पदार्थ प्रतिलोहचुंबक आहे. असा पदार्थ बाहेरून चुंबक म्हणून जाणवू नये, कारण उलटसुलट स्पिन एकमेकांना संपवतात. पण सुमारे 15 केल्विनला, म्हणजे उणे 258 अंश सेल्सियसला, चुंबकत्व एकदम उसळी घेतं. स्पिन अगदी उलट नसून किंचित तिरके असतात, हे त्याचं कारण. रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले, पण दोघेही थोडे एकाच बाजूला तिरके ओढत असले, तर दोर कोणाकडेच जात नाही आणि तरीही बाजूला सरकतो, तसंच इथे घडतं. याला क्षीण लोहचुंबकत्व म्हणतात. त्याची अट रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर झ्यालोशिन्स्की यांनी 1950च्या दशकात लोहाच्या ऑक्साइडासाठी शोधली होती आणि जपानचे तोरू मोरिया यांनी 1960 मध्ये तिचं मूळ समजावलं होतं. स्फटिकाच्या सममितीने तिरकेपणाला परवानगी द्यावी लागते. मँगॅनीज फॉस्फोनेटची ती चुरगळलेली, वरखाली वेगवेगळी दिसणारी जाळी अशी परवानगी देते. 1988च्या रचनेत जो तपशील फक्त भूमितीचा वाटला होता, तोच आता चुंबकत्वाचं कारण ठरला.

याहून मोलाचं निरीक्षण दुसरं होतं. साखळी वाढवली, थर लांब गेले, तरी ते 15 केल्विन जवळपास तिथेच राहिले. शेजारच्या थरावर शिस्त अवलंबून असती तर अंतर वाढताच तापमान घसरलं असतं. म्हणजे शिस्तीचा निर्णय थराच्या आतच होत होता. स्पिनची किंचित पसंती पुरेशी ठरते, कारण 15 केल्विनच्या आसपास थरातले स्पिन आधीच दूरदूरपर्यंत एकमेकांशी बांधले गेलेले असतात आणि एवढ्या मोठ्या समूहाला वळवायला लहानसं कारणही चालतं. मर्मिन आणि वाग्नर यांचं प्रमेय इथे मोडत नाही. पूर्ण मोकळीक ही त्याची अट होती आणि ती अट या पदार्थात पाळली जात नाही.

पुढची काही वर्षं इतर धातूंची होती. फ्रान्समध्ये नांत इथे ज्यां रूसेल यांनी सौम्य तापमानाच्या रसायनशास्त्राची परंपरा उभी केली होती. तिथे बुजोली आणि सहकाऱ्यांनी लोहाची आणि तांब्याची फॉस्फोनेटं बनवली, त्यांत लोहाच्या दोन अवस्था एकत्र नांदणारं एक संयुगही होतं. रोमला परतलेले बेल्लित्तो लोहावर आणि क्रोमियमवर काम करत राहिले. लोहाच्या संयुगांत शिस्तीचं तापमान 25 केल्विनच्या आसपास चढलं. लोहाच्या आयनाला दिशेची पसंती मँगॅनीजपेक्षा बरीच जास्त असते, हे त्यामागचं एक कारण. मात्र काम त्रासाचं होतं. द्विसंयुजी लोह हवेत गंजतं आणि द्विसंयुजी क्रोमियम तर ऑक्सिजनची झुळूकही सहन करत नाही. सगळी कृती निष्क्रिय वायूत, बंद भांड्यांत करावी लागे.

आता उरला होता शेवटचा टप्पा. अंतर वाढवत न्यायचं, की सरळ एकच थर वेगळा काढायचा? फ्लोरिडा विद्यापीठात गेन्सव्हिल इथे रसायनशास्त्रज्ञ डॅनियल टॅलम आणि भौतिकशास्त्रज्ञ मार्क माइसेल यांनी पोमरँट्झ यांच्या जुन्या वाटेला मॅलूक यांच्या रचनेची जोड दिली. पाण्यावर तेलकट रेणूंचा एक रेणूजाड पापुद्रा पसरायचा, दोन्हीकडून दाबून घट्ट करायचा आणि त्यातून काच बुडवून वर काढत तो उचलून घ्यायचा, ही पद्धत अर्विंग लँगम्युअर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पूर्णत्वाला नेली होती. टॅलम यांनी अठरा कार्बनांची साखळी असलेलं फॉस्फोनिक आम्ल पसरलं आणि खालच्या पाण्यात मँगॅनीजचा क्षार घातला. काच बुडताना एक पापुद्रा चिकटे, वर येताना दुसरा, आणि दोघांच्या आम्लगटांच्या मध्ये मँगॅनीजची जाळी बंदिस्त होई. अशी प्रत्येक जोडी सुमारे 50 अँगस्ट्रॉम जाडीची.

या प्रयोगाचं बळ रचनेत होतं. पोमरँट्झ यांना न मिळालेला पडताळा इथे हाताशी होता, कारण पापुद्र्यातली मांडणी ठोक मँगॅनीज फॉस्फोनेटसारखीच आहे हे वर्णपटांवरून आणि क्ष-किरणांवरून ताडून पाहता येत होतं. मोजायला अणू मात्र फार थोडे. अतिवाहक कड्यांवर चालणारी स्क्विडसारखी संवेदनशील उपकरणं नसती तर तो क्षीण संकेत आधारपट्टीच्या संकेतात हरवला असता. 1997 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. पापुद्र्यात 13.5 केल्विनला आपोआप चुंबकत्व येतं. ठोक स्फटिकात जे 15 होतं, ते इतक्या लांब साखळ्यांनंतरही दीड केल्विननेच उतरलं. लंडनच्या निष्कर्षाला याहून भक्कम दुजोरा मिळणं कठीण होतं. पुढे त्याच गटाने साखळीच्या जागी वीज वाहू शकणारे किंवा प्रकाशाला प्रतिसाद देणारे गटही जोडून पाहिले.

भारतात या रसायनशास्त्राने वेगळं वळण घेतलं. आयआयटी कानपूरमध्ये वडापल्ली चंद्रशेखर यांच्या गटाने फॉस्फोनेटच्या जोडीला दुसरे रेणू वापरून थरांची वाढ रोखली आणि 2000 मध्ये तांब्याच्या 12 आयनांचा बंदिस्त पिंजरा जगासमोर ठेवला. मुंबईत, पवईच्या आयआयटीत रामस्वामी मुरुगवेल यांनी फॉस्फेट आणि फॉस्फोनेट यांची सेंद्रिय द्रावकांत विरघळणारी संयुगं घडवली. जे थर एरवी अविद्राव्य पूड म्हणून खाली बसतात, त्यांच्या वाढीच्या आरंभीचे तुकडे असे सुटे पकडून अभ्यासता येतात.

या सगळ्यातून काय हाती आलं? व्यवहारात वापरला जाणारा चुंबक मिळाला नाही. 15 किंवा 25 केल्विनसाठी द्रव हेलियम लागतो, द्रव नायट्रोजनच्या 77 केल्विनपर्यंतही ही संयुगं पोचली नाहीत. आणि ते व्हायचंही नव्हतं, कारण ऑक्सिजनच्या पुलातून मँगॅनीज-मँगॅनीजमध्ये होणारा संवाद मुळातच दुबळा असतो. झिर्कोनियमच्या शाखेने मात्र व्यवहारात पाय रोवले. उत्प्रेरक, इंधनघटातली प्रोटॉन वाहून नेणारी पटलं, पृष्ठभागावर एकेक थर चढवायच्या मॅलूक यांच्या रीती, प्रकाशाने वेगळे झालेले विद्युतभार टिकवून धरणारी मार्क टॉम्पसन यांची 1992ची संयुगं, हे सारं त्या शाखेचं. धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या सच्छिद्र चौकटींना 2025 मध्ये नोबेल मिळालं. त्या इतिहासात फॉस्फोनेटांचा उल्लेख सहसा ओझरता होतो आणि मला तो अपुरा वाटतो. खनिज भाग आणि सेंद्रिय भाग स्वतंत्रपणे निवडून स्फटिक आखता येतो, हे अल्बेर्तींनी त्या चौकटींच्या कितीतरी आधी करून दाखवलं होतं. फॉस्फोनेटं मागे पडली त्याचं कारणही त्यांच्या गुणातच आहे. धातूवरची त्यांची पकड फार घट्ट. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं अलेंड्रोनेट हाडातल्या कॅल्शियमला धरून बसतं ते याच पकडीमुळे. पण स्फटिक नीट वाढायला बंध तुटून पुन्हा जुळावे लागतात आणि फॉस्फोनेट एकदा बसलं की सहसा हलत नाही.

एकाच थराचा प्रश्न 2017 मध्ये पुन्हा मथळ्यांत आला. सिएटलला क्रोमियम आयोडाइडचा एकच थर सोलून काढला गेला आणि त्यात 45 केल्विनपर्यंत लोहचुंबकत्व टिकलं. बर्कलीला क्रोमियम, जर्मेनियम आणि टेल्युरियमच्या संयुगाचे दोन थर मोजले गेले. दोन्ही ठिकाणी शिस्तीमागे दिशेच्या पसंतीचाच प्रश्न होता. त्या आयोडाइडला हवेतली ओल सोसत नाही, त्यामुळे त्याचे प्रयोग निष्क्रिय वायूच्या पेटीत आणि संरक्षक थरांच्या आड करावे लागतात. मँगॅनीज फॉस्फोनेट उघड्या हवेत, पाण्यातच तयार होतं, त्याच्या दोन्ही अंगांना हवा तो गट कायमचा जोडता येतो आणि त्याची शिस्त मात्र त्या आयोडाइडच्या एक तृतीयांश तापमानालाच मोडते. पाण्यात टिकणारी ही चौकट ठेवून आतला पूल अधिक बळकट कसा करायचा, यावर फॉस्फोनेटांच्या रसायनशास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे.